धुळाक्षरांचे यंत्र

पूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मूल बसले म्हणजे त्याच्या हाती प्रथम लेखणी येत नसे. लाकडी पाटीवर बारीक धूळ वा विटेची पूड पसरून तीत बोटाने अथवा काडीने अक्षरे गिरवावयाची, पंतोजींनी ती पाहावयाची आणि मग पाटी हलवून सर्व पुसून टाकावयाचे, असा क्रम असे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यावरून रूढ झाला, आणि एखाद्या विद्येत अगदी नवखा असलेला मनुष्य तीत ‘धुळाक्षरे गिरवीत आहे’ असे आपण आजही म्हणतो. धुळाक्षराचा गुण हाच की ते टिकत नाही. जे टिकवावयाचे ते शाईने कागदावर उतरावयाचे. धूळ शिकण्यासाठी आणि शाई जपण्यासाठी, ही वाटणी आमच्या मनात इतकी पक्की होती की, ज्या यंत्राने गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगातील कचेऱ्यांचा कागद व्यापून टाकला ते शाईने लिहीत नसून धुळीने लिहिते, ही गोष्ट फार उशिरा आमच्या ध्यानी आली.

ती कशी आली हे सांगण्याजोगे आहे. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या ऐन धामधुमीत आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीतील प्रिंटरमध्ये कागद अडकला. शिपायाने झाकण उघडून तो अर्ध्या वाटेवरून ओढून काढला. कागदावर वेळापत्रक स्वच्छ काळ्या अक्षरांत उमटलेले होते. तेव्हा एवढ्याने काम भागेल असे समजून आम्ही तो हाती घेतला व सवयीप्रमाणे ओळींवरून अंगठा फिरविला. तीन ओळी जागच्या जागी नाहीशा झाल्या आणि अंगठा काळा झाला. विस्मयाने फुंकर घातली, तो उरलेल्या मजकुराचाही बराचसा भाग टेबलावर उडाला. कचेरीतील जुने लेखनिक हसून म्हणाले, “सर, तो कच्चा आहे. भाजायचा राहिलाय अजून!”

आमचा विषय इतिहास. यंत्रविद्येशी आमचा परिचय दुरूनचा. तथापि ह्या ‘भाजण्या’ने आमचे कुतूहल चाळवले, आणि त्या यंत्राचा पूर्ववृत्तान्त आम्ही जसजसा वाचीत गेलो तसतशी एक गोष्ट आम्हांस अधिकाधिक लक्षणीय वाटू लागली. ह्या यंत्राच्या मुळाशी असलेले एकही निसर्गतत्त्व ते यंत्र कल्पिणाऱ्या मनुष्याने शोधून काढलेले नाही. ती सारी तत्त्वे पूर्वीच ठाऊक होती. त्यांतील एक तर दीडशे वर्षांहून अधिक काळ विद्वानांच्या कपाटात कौतुकाची वस्तू म्हणून पडून होते. विद्वानांस त्याची गरज नव्हती. ज्याचा हात नकला करून दुखत होता त्यास ती भासली.

जर्मनीतील गटिंगेन येथे अठराव्या शतकात गेऑर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग नावाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. विजेचे प्रयोग करण्यासाठी त्यांनी राळेची एक भली थोरली चकती तयार करविली होती. १७७७ साली असे घडले की, चकती घासून गुळगुळीत करताना उडालेली राळेची भुकटी खोलीभर पसरली होती. ती हळूहळू चकतीवर बसू लागली, परंतु सारखी न बसता ठिकठिकाणी तिची नक्षत्रे आणि झाडाच्या फांद्यांसारख्या आकृती झाल्या. ज्या जागी चकतीवर विद्युद्भार राहिला होता तेथे धूळ ओढली गेली होती. लिश्टेनबर्ग चतुर होते. त्यांनी मुद्दाम ठिणग्या पाडून निरनिराळ्या आकृती काढल्या, धन विजेची आकृती फाटे फुटलेली व ऋण विजेची गोलसर होते हे नोंदले, विजेच्या दोन प्रकारांस अधिक व उणे ही गणितातली चिन्हे लावली, आणि चकतीवर कागद दाबून त्या धुळीच्या आकृती कागदावर उचलूनही घेतल्या. म्हणजे विद्युद्भाराने धूळ आकर्षून चित्र करणे आणि ते चित्र कागदावर उतरविणे, ह्या दोन्ही गोष्टी मराठेशाही अजून पुण्यात नांदत होती त्या काळी एका जर्मन प्राध्यापकाच्या खोलीत घडून गेल्या होत्या. त्यांचा कोणी काही उपयोग केला नाही. आकृती सुंदर होत्या. त्या पाहून लोक घरी गेले.

पुढे १८७३ साली विलोबी स्मिथ ह्या इंग्रज तारायंत्रतज्ज्ञास आढळले की, सेलेनियम नावाचे मूलद्रव्य अंधारात विजेस जितका विरोध करते तितका उजेडात करीत नाही. ही दुसरी किल्ली. पहिलीशी तिची गाठ पडण्यास आणखी साठ-बासष्ट वर्षे जावी लागली.

मध्यंतरी जग नकला करीतच होते. वाफेच्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅट यांनी १७८० साली पत्राची ओली प्रत दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे कार्बन कागद आला, मेणाच्या स्टेन्सिलवरून शाईचा रूळ फिरवून प्रती काढण्याची यंत्रे आली, छायाचित्राच्या पद्धतीने प्रत देणारा फोटोस्टॅट आला. परंतु कार्बनच्या प्रती आधीपासून योजाव्या लागत. लिहून झालेल्या कागदावर त्याचा इलाज नव्हता. फोटोस्टॅट महाग, ओला व वेळखाऊ. समोर असलेल्या कागदाची एखाद-दुसरी प्रत हवी असेल तर कारकुनाने मान मोडून ती हाताने उतरावी, हाच जगभरचा शिरस्ता. आमच्या पिढीने त्याचे शेपूट पाहिले आहे. १९८७-८८ च्या सुमारास आम्ही पदवीच्या वर्गात असता ग्रंथालयातून दोन तासांपुरते मिळणारे पुस्तक पुढ्यात घेऊन तिघा मित्रांनी प्रकरणे वाटून घ्यावयाची व रात्री एकमेकांच्या वह्यांतून उतरून काढावयाची, हा आमचा नित्यक्रम होता. एका मित्राच्या वहीत प्लासीच्या लढाईचे साल चुकले व ते तिघांच्याही उत्तरपत्रिकांत सारखेच चुकले, तेव्हा परीक्षकांनी काय तर्क केला असेल तो असो!

अशाच एका कंटाळलेल्या नकलनविसाची ही कथा आहे. चेस्टर कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. वडील व्यवसायाने नाभिक. क्षय व संधिवात यांनी जर्जर होऊन अंथरुणास खिळलेले. आईही क्षयानेच, मुलगा सतरा वर्षांचा असता वारली. घराचा भार आठव्या वर्षापासून मुलाच्या अंगावर येऊ लागला. कॅलिफोर्नियात शाळेत असता तो एका छापखानदाराकडे कामास होता. तेथे त्यास एक जुने लहानसे छापयंत्र मिळाले. रसायनप्रेमी विद्यार्थ्यांसाठी त्यावर मासिक काढावे असा बेत त्याने केला, आणि खिळा खिळा जुळवून चार ओळी छापण्यास किती कष्ट पडतात हे तेव्हाच त्याच्या प्रत्ययास आले. पुढे १९३० साली त्याने पदार्थविज्ञानाची पदवी मिळविली. ती मंदीची वर्षे होती. ब्याऐंशी कंपन्यांस त्याने नोकरीसाठी पत्रे लिहिली. एकीनेही त्यास घेतले नाही. अखेर न्यूयॉर्कला बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तेथून त्याची पेटंट खात्यात बदली झाली, तीही नोकरी १९३३ मध्ये गेली, आणि दुसऱ्या एका कंपनीच्या पेटंट खात्यात तो येऊन पडला.

पेटंटचे काम म्हणजे कागदांचे काम. प्रत्येक लेखाच्या अनेक प्रती लागत. मजकूर पुन्हा टंकलिखित करावा तर चुका होत व पुन्हा ताडून पाहावा लागे; आकृत्या तर टंकयंत्रास काढताच येत नाहीत. त्यातच कार्लसन रात्री कायद्याचा अभ्यास करू लागले. ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसल्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून ते पानेच्या पाने हाताने उतरीत. दृष्टी अधू, आणि वडिलांचा संधिवात ह्यांच्याही पाठीच्या कण्यात शिरलेला. ह्या दुखण्यातून त्यांस जे सुचले ते एवढेच की, कचेरीतल्या टेबलावर ठेवता येईल व बटण दाबताच प्रत देईल असे यंत्र असावे. ही इच्छा काही अपूर्व नव्हे. प्रत्येक कारकुनाने ती केली असेल. अपूर्व हे की, त्यांनी ती त्याच ग्रंथालयाच्या शास्त्रविभागात नेली. छायाचित्राच्या रासायनिक मार्गाने मोठ्या कंपन्यांतील शेकडो माणसे खपत आहेत हे जाणून त्यांनी तो सोडून दिला, आणि प्रकाश व वीज यांच्या परस्परसंबंधाचे वाङ्मय चाळता चाळता त्यांस पाल शेलेन्यी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाचे लेखन सापडले. शेलेन्यी यांनी फिरत्या नळकांड्यावर विद्युद्भाराने चित्र उमटवून त्यावर पूड पसरण्याची युक्ती सिद्ध केली होती. म्हणजे लिश्टेनबर्गची धूळ बुडापेस्टमार्गे न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात येऊन पोहोचली.

कार्लसन यांनी तीत प्रकाश मिळविला, आणि येथे सारी युक्ती एकवटलेली आहे. एक पत्रा घ्यावा व त्यावर अशा पदार्थाचा लेप द्यावा की जो अंधारात विजेस अडवितो व प्रकाशात तिला वाट देतो. अंधारात त्या लेपावर सर्वत्र विद्युद्भार पसरावा. मग मूळ लेखाची प्रतिमा त्यावर पाडावी. जेथे कोरा कागद, तेथून प्रकाश येतो. त्या जागी लेप वाट देतो व भार पत्र्यात निघून जातो. जेथे अक्षर, तेथे छाया. भार जागच्या जागी राहतो. आता पत्र्यावर विजेचे एक अदृश्य लेखन झाले. त्यावर विरुद्ध भाराची बारीक पूड उडविली की ती केवळ अक्षरांवर बसते. ती कागदावर घ्यावी आणि उष्णतेने पक्की करावी. ह्यांतील एकही पायरी शाळेतील विद्यार्थ्यास न कळण्याजोगी नाही.

हे कागदावर लिहिणे सोपे गेले. १९३७ च्या ऑक्टोबरात त्यांनी पेटंट कचेरीत पहिला अर्जही टाकला. प्रत्यक्ष करणे तितके सोपे गेले नाही. घरच्या स्वयंपाकाच्या शेगडीवर जस्ताच्या पत्र्याला गंधक वितळवून लावण्याच्या खटपटीत सारी इमारत दुर्गंधीने भरून जाई. शेवटी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात सासूबाईंच्या मालकीच्या जागेत त्यांनी एक खोली घेतली आणि ओटो कोर्नाई नावाच्या ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या पदार्थविज्ञानवेत्त्यास अल्प वेतनावर मदतीस ठेवले.

२२ ऑक्टोबर १९३८ चा तो दिवस. कोर्नाई यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा ताजा लेप दिला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याच्या काचपट्टीवर काळ्या शाईने त्या दिवसाची तारीख व ‘ॲस्टोरिया’ हे स्थळनाम लिहिले. खोलीत होईल तितका अंधार केला. हातरुमालाने गंधक खसखसून घासले. एवढ्यानेच त्यावर भार आला. काचपट्टी वर ठेवून प्रखर दिवा काही सेकंद धरला. पट्टी उचलून पत्र्यावर लायकोपोडियमची पूड – ही एका नेच्यासारख्या वनस्पतीची पिवळी बीजुके होत – भुरभुरविली, आणि हलकी फुंकर मारली. बाकीची पूड उडाली, अक्षरे राहिली. मग मेणाचा कागद त्यावर दाबून तापविला, तेव्हा मेणात ती अक्षरे रुतून बसली. दोघांनी प्रयोग पुनःपुन्हा करून पाहिला, व ते जेवावयास गेले.

रुमाल, गंधक, बुरशीसारखी पिवळी पूड आणि फुंकर! आमच्या कचेरीत आम्ही घातलेल्या फुंकरीने अक्षरे उडाली. ह्या फुंकरीने ती दिसू लागली. पुढील सर्व थाटमाटाची यंत्रे म्हणजे ह्या चार वस्तूंचे सुधारलेले अवतार होत. रुमालाच्या जागी विजेचा प्रवाह सोडलेली बारीक तार अथवा रूळ आला. गंधकाच्या जागी प्रथम सेलेनियम, व नंतर कार्बनी रसायनांचा लेप. वनस्पतीच्या पुडीच्या जागी काजळी व प्लॅस्टिक एकत्र करून केलेली, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी बारीक भुकटी, जिला टोनर म्हणतात. आणि मेणाच्या कागदाच्या जागी तापलेला रूळ.

ह्या पाचसहा अक्षरांचे कौतुक मात्र कोणासच वाटेना. कोर्नाई यांसही त्यात भविष्य दिसले नाही. वर्ष सरण्याच्या आत ते दुसरीकडे नोकरीस लागले. १९३९ ते १९४४ ह्या काळात कार्लसन यांनी वीसहून अधिक कंपन्यांचे उंबरे झिजविले. त्यांत आय.बी.एम., कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक अशी नावाजलेली घराणी होती. कोणी आस्थेने ऐकले, कोणी उपचारादाखल ऐकले. घेतले कोणीच नाही. मुख्य पेटंट ६ ऑक्टोबर १९४२ रोजी पदरात पडले, पण पेटंटच्या कागदाने पोट भरत नाही. त्या कंपन्यांस मूर्ख म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. आम्हांस तो न्याय वाटत नाही. त्यांना दाखविली गेली ती धुरकट, अस्पष्ट अक्षरे. आणि त्या काळी कोणास विचारले असते की, ‘तुम्हांस दिवसास किती नकला लागतात?’ तर त्याने कार्बन कागदाकडे बोट दाखवून ‘दोन’ असेच उत्तर दिले असते. नकलेची भूक यंत्र आल्यावर लागावयाची होती. ती आधीच ओळखावयास नकला करून मोडलेली पाठ हवी, आणि संचालकांची पाठ मोडलेली नसते.

१९४४ साली ओहायो प्रांतातील कोलंबस येथील बॅटेल नामक संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले, तेव्हा दैव फिरले. तेथील लोकांनी गंधक टाकून सेलेनियम घेतले, तसेच भुकटीच्या जोडीस मोठे कण मिसळले. हे मोठे कण कागदावर यावयाचे नसतात. त्यांच्याशी घासून भुकटीवर नेमका भार यावा आणि ती योग्य स्थळी वाहून नेली जावी एवढेच त्यांचे काम. लग्नात वऱ्हाड पोहोचवून परत फिरणाऱ्या गाडीसारखे ते फिरत राहतात. पुढे रॉचेस्टर येथील हॅलॉइड ही छायाचित्राचा कागद करणारी लहान कंपनी, जोसेफ विल्सन यांच्या चालकत्वाखाली, त्यात उतरली. विधीस नाव हवे होते. ओहायोतील विश्वविद्यालयाच्या एका ग्रीकच्या अध्यापकांनी ‘कोरडे’ व ‘लेखन’ ह्या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘झेरोग्राफी’ हे नाव सुचविले. एवढ्या यंत्रप्रपंचात भाषेच्या अध्यापकाच्या हातून निदान एक शब्द तरी घडला, ह्याचे आम्हांस समाधान आहे. त्या शब्दाचे पहिले अर्धुक घेऊन कंपनीने आपले नाव केले, आणि आपण मराठी लोकांनी त्या नावाचे सामान्यनाम करून टाकले. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, चौकातल्या दुकानाच्या पाटीवर ‘झेरॉक्स’ हेच लिहिलेले असावयाचे, आणि ‘कोरड्या’ ह्या अर्थाच्या त्या ग्रीक शब्दास क्रियापद जोडून आई मुलास सांगावयाची, ‘जा, आधार कार्डाची झेरॉक्स मारून आण.’

१९४९ साली निघालेले पहिले यंत्र हाताने चालवावयाचे असून एका प्रतीस एकोणचाळीस क्रिया कराव्या लागत. खरे यंत्र ‘९१४’ हे होय. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब एवढा कागद त्यात चाले म्हणून हा आकडा. १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात ते लोकांस दाखविण्यात आले. वजन सुमारे तीनशे किलो. भट्टीत कागद अडकून पेटण्याचा प्रसंग येई म्हणून त्याबरोबर आग विझविण्याचे उपकरणही देत, आणि गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून त्यास सौम्यसे वेगळे नाव ठेवले होते. किंमत भारी, म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने देत व त्यात दोन हजार प्रती काढण्याची मुभा असे. इतक्या प्रती कोण काढणार, असे अनेकांस वाटले होते. एका नामांकित सल्लागार मंडळीने तर आय.बी.एम.ला ह्या यंत्रास भवितव्य नाही असाच अहवाल दिला होता. प्रत्यक्षात लोक काढीतच सुटले. ज्या दिवशी ते दाखविले गेले तीच तिथी सत्तावन्न वर्षांनी आपल्या देशातही एका वेगळ्या कारणाने आली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका लहान दुकानात पाठ्यपुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून देत, त्याविरुद्ध तीन बड्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली लावलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी फेटाळला. वरच्या पीठाने काही मुद्दे पुन्हा चौकशीस घेतले; पण २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. तिघांच्या वह्यांत एक पुस्तक वाटून घेणारे आम्ही, आमचा कल कोणत्या बाजूस होता हे सांगावयास नको.

कार्लसन गडगंज श्रीमंत झाले, आणि त्यांनी बहुतेक संपत्ती हयातीतच, पुष्कळदा नाव न सांगता, देऊन टाकली. उत्तरायुष्यात पत्नीच्या संगतीने ते वेदान्त व बौद्ध ध्यानमार्ग यांकडे वळले होते. सोडून गेलेल्या कोर्नाई यांस त्यांनी न मागता शंभर भाग बक्षीस पाठविले होते. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

आतापर्यंतचे यंत्र नक्कल करीत होते. त्यापुढे मूळ कागद ठेवावा लागे. त्यास स्वतः लिहावयास शिकविले ते गॅरी स्टार्कवेदर ह्या प्रकाशशास्त्राच्या अभियंत्याने, आणि येथे इतिहासाने जी थट्टा केली ती आम्हांस सर्वांत बोधक वाटते. स्टार्कवेदर हे त्याच झेरॉक्स कंपनीचे नोकर होते. मूळ लेखाची प्रतिमा पाडण्याऐवजी लेसरचा किरण नळकांड्यावर फिरवून, तो गणकयंत्राच्या आज्ञेने लावीत-विझवीत अक्षरे काढावीत, ही कल्पना त्यांस १९६७ च्या सुमारास सुचली. वरिष्ठांनी ती महागडी व निरुपयोगी ठरविली. नाद सोडला नाही तर हाताखालची माणसे काढून घेऊ, इथपर्यंत मजल गेली. वीस जणांनी झिडकारलेली वस्तू उचलून जी कंपनी वैभवास चढली, तिने दहा वर्षांच्या आत आपल्याच घरातील माणसास त्याच शब्दांनी वाटेस लावावे! स्टार्कवेदर यांनी हट्टाने १९७१ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील कंपनीच्या नव्या संशोधनगृहात बदली मिळविली आणि वर्षभरात यंत्र चालवून दाखविले. बाजारात ते १९७७ साली आले. त्याआधीच, १९७६ साली, लेसरचे मुद्रणयंत्र गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन बसविले ते आय.बी.एम.ने, त्याच आय.बी.एम.ने, जिने कार्लसन यांस परत पाठविले होते.

लेसरची युक्ती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. किरण जागेवर स्थिर असतो. तो एका अनेक पैलूंच्या, मिनिटास हजारो फेरे घेणाऱ्या आरशावर पडतो. आरशाचा एक पैलू समोरून गेला की परावर्तित किरण नळकांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, म्हणजे एक आडवी रेघ होते. तेवढ्यात नळकांडे तसूभराच्या अगदी सूक्ष्म अंशाने पुढे वळलेले असते, आणि पुढचा पैलू पुढची रेघ ओढतो. आरशाचे पैलू तिळमात्र वाकडे असले तर रेघा खालीवर होतील. इतके निर्दोष आरसे करणे परवडण्यासारखे नव्हते. स्टार्कवेदर यांनी मध्ये एक नळीच्या आकाराचे भिंग बसविले, त्याने आरशाची चूक आपोआप सावरली गेली. एका इंचात सहाशे ठिपके धरले तर नेहमीच्या आकाराच्या एका पानावर सुमारे साडेतीन कोटी जागा होतात, आणि त्यांतील प्रत्येकीविषयी काळी की कोरी हा निर्णय ते यंत्र काही सेकंदांत करते. त्यास अक्षर ठाऊक नाही, फक्त ठिपका ठाऊक आहे. म्हणूनच काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांसाठी शेकडो निराळे खिळे ओतावे लागणारी आपली देवनागरी आणि खिळ्यांत बसावयास नाखूष असलेली लपेटदार मोडी, ह्या दोन्ही त्यास रोमन लिपीइतक्याच सोप्या.

आणि एक उलटापालट झाली, जी सहसा कोणी सांगत नाही. नक्कल करणाऱ्या यंत्रात प्रकाश कोऱ्या जागेवरील भार पुसतो. अक्षर म्हणजे जे पुसावयाचे राहिले ते. परंतु पानावर काळे थोडे व कोरे फार. तेव्हा किरणाने सारे कोरे पान पुसीत बसण्यापेक्षा त्याने थेट अक्षरच लिहावे हे सोयीचे. आजच्या बहुतेक मुद्रणयंत्रांत लेसर अक्षराच्या जागेवरील भार काढून टाकतो, आणि टोनरला नळकांड्याच्याच जातीचा भार दिलेला असतो. सजातीय भार एकमेकांस लोटतात. म्हणून कोऱ्या जागा भुकटीस दूर ढकलतात, आणि जेथे भार उरलेला नाही त्या अक्षराच्या खाचेत ती जाऊन बसते. एका यंत्रात प्रकाश खोडरबर होता, दुसऱ्यात तो लेखणी झाला, धूळ तीच.

१९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने जपानच्या कॅनन कंपनीकडून घेतलेल्या यंत्रणेवर ३,४९५ डॉलरला टेबलावर मावणारे यंत्र विक्रीस आणले आणि ते कचेऱ्याकचेऱ्यांत शिरले. नळकांडे, भुकटी व इतर झिजणारे भाग एकाच पेटीत घालून ती पेटीच बदलावयाची, ही कॅननची कल्पना त्यामागे होती. आपल्याकडील दुकानदारांनी ती पेटी फोडून त्यात पुन्हा भुकटी भरण्याची जी विद्या हस्तगत केली आहे ती कॅननच्या कल्पनेत नव्हती.

आता आमच्या त्या अडकलेल्या कागदाकडे येऊ. नळकांड्यावर जमलेली धुळाक्षरे कागदावर कशी येतात? कागदाच्या पाठीमागून विरुद्ध जातीचा जोरदार भार दिला जातो. नळकांड्याच्या ओढीपेक्षा कागदाची ओढ वरचढ होते व भुकटी उडी घेऊन कागदावर येते. तेथे ती नुसती टेकलेली असते. पुढे सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापलेल्या रुळाखालून कागद दाबून निघतो, भुकटीतील प्लॅस्टिक वितळून कागदाच्या तंतूंत मुरते, काजळी तेथे अडकते, आणि अक्षर पक्के होते. आमचा कागद ह्या दोहोंच्या मध्ये अडकला होता. म्हणूनच टोनर कपड्यांवर सांडला तर तो झटकून थंड पाण्याने धुवावा, गरम पाण्याने धुऊ नये, असे सांगतात. आमच्या सदऱ्याच्या बाहीवर त्या दिवशी लागलेला डाग घरी ऊन पाण्यात बुडविला गेला, तो अजून तेथेच आहे.

उतरलेली सारीच भुकटी कागदावर जात नाही. थोडी नळकांड्यावर राहते. ती एक रबरी पाते खरवडून घेते व एका लहानशा कप्प्यात पाडते. मागे उरलेला भार घालविण्याची सोय असते. पुष्कळ यंत्रांत त्यासाठी एक दिवा सर्वत्र प्रकाश पाडतो. मग नळकांड्यावर मागल्या अक्षराचे नावही राहत नाही. एक पान निघेपर्यंत ते लहानसे नळकांडे कित्येक वेळा फिरते, म्हणजे पानाची वरची ओळ पुसून त्याच जागेवर खालची ओळ लिहिली जात असते. कचेरीतील त्या लेखनिकांनी झाकण उघडून, निळसर लेपाचे ते चकचकीत नळकांडे आम्हांस क्षणभर दाखविले व लगेच झाकून टाकले. “उजेड लागला की बिघडतं, सर,” ते म्हणाले. त्यावर काहीही लिहिलेले नव्हते.